डवऱ्यावरचं लिंबू

वर्गात एक विनोद करून मी एका मुलीला हातातला डवरा, तण काढायचं बैलांचं औत, सोडायला लावला. चूक माझी होती.

कापसाच्या कर्जानं घरंच्या घरं खचत होती, त्या वर्षांत मी पांढरकवड्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. एकदा विचारलं, "आपलं आयुष्य आपल्या हातात आहे, असं कोणाला वाटतं?" मुलांचे हात झटकन वर गेले. मुलींनी आधी मुलांकडे पाहिलं. झरीकडच्या पोडावरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची, एक कोलाम मुलगी तेवढी उभी राहिली.

"बाबा आजारी हायेत सर. पऱ्हाटीतलं तण काढाचं तं बैल, डवरा, सारं माह्याच हातात हाय."

मागून एक जण ओरडला, "बाईनं डवरा धरला? म्हणूनच पाऊस दबून राह्यला!"

"आमच्या घरी चालते."

"अवं, पण ढग तं साऱ्याईचे हायेत ना!"

वर्ग हसला. मीही हसत म्हणालो, "मग आता पावसाची जबाबदारी तुझी हं."

त्यानंतर पाऊस खरंच गेला. तिच्या बाकावर कोणी बसेना. मग तीही येईना. बुद्धिवाद शिकवणारा मी रोज आभाळाकडे पाहायचो आणि मला तीच आठवायची.

शेवटी भर दुपारी तिच्या शेतात गेलो. वारा पडलेला. कुठं माणूस नाही, पाखरू नाही. फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज, कधी पुढून, कधी पाठीमागून. पुढं गेलो तर तणात डवरा एकटाच उभा. त्याच्या दांडीला कोणीतरी काळ्या दोऱ्यानं कुंकू लावलेलं लिंबू बांधलेलं. ते सुकलं नव्हतं.

"गाववाल्यायनं बांधलं," धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ती म्हणाली. बैल तिच्या मागंच चरत होते. "म्हणते, सरायनंबी सांगतलं."

"काढून टाक ते. तण वाढलं तर पीक जाईल."

"पीक गेलं का कॉलेजबी गेलं. तुमीच काढा ना सर."

मी हात पुढं केला. तो लिंबापाशी थांबला आणि आपोआप मागं आला. तिनं ते पाहिलं. मी परतलो.

झोप उडाली. पाऊस आल्यावर माफी मागण्यात काही अर्थ नव्हता. कोरड्या आभाळाखालीच, त्या ओरडणाऱ्या मुलाला आणि गावातल्या दोघा-चौघांना घेऊन मी पुन्हा तिथं गेलो. तिच्यादेखत लिंबाचा दोरा तोडला.

"पोरी," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पावसाचा आणि तुझा काही संबंध नाही. भीती माझ्या मनात होती, ती मी हसत हसत तुझ्या माथी मारली. मला माफ कर."