बाजूला उजेड पडत नाही

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रिजच्या हँडलला प्लास्टिक, आणि सोफ्यावर तर ते इतकी वर्षं होतं की उन्हाळ्यात पाहुणे उठले की चरचर आवाज यायचा. बाबांचं म्हणणं एकच, नवीन वस्तू एकदाच नवीन असते. कुहीकडच्या खेड्यात, दोन खोल्यांत, दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालून वाढलेला माणूस. पहिल्या पगारात घेतलेला ट्रान्झिस्टर अजून खोक्यात आहे. वाजत नाही, पण नवा आहे. या वेडावर मी आयुष्यभर चिडत आलो आणि माझ्या चिडण्याने काडीचाही फरक पडला नाही.

गाडी त्यांनी निवृत्त होता होता घेतली, पांढरी. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार लागतात. आम्ही बौद्ध, आमच्या गाडीला हार नाही. पण त्या सकाळी बाबा तिला घासूनपुसून अशी उभी करायचे की हारवाल्या गाड्यांनी लाजावं, आणि मग पांढरे कपडे घालून आईला घेऊन दीक्षाभूमीला जायचे. सीटवरचं प्लास्टिक चौथ्या उन्हाळ्यात आपणहून फाटलं. हेडलाइटला मात्र कोणी प्लास्टिक लावून दिलं नव्हतं. सक्करदऱ्यात आमच्या घराला शेड नाही, गाडी दिवसभर उन्हात, आणि नागपूरचं ऊन कोणाची भीड ठेवत नाही. दोन्ही काचा हळद लागलेल्या डब्याच्या झाकणासारख्या पिवळ्या पडल्या.

नुसत्या पिवळ्या पडल्या असत्या तर कोणी विचारलंही नसतं. पण आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सदरकडच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस, आणि नंबर सकाळच्या पहिल्या पाळीचा. हिवाळ्यात अंधारातच निघावं लागायचं. गाडी बाबा चालवायचे. मी कितीदा म्हटलं, मी नेतो, ऑफिसात उशिरा जाईन. आईच म्हणायची, "ते नेतात नं मले. तू आपलं काम पाय." बाबा किल्ली खिशात टाकायचे. तिच्या आजारात त्यांना करता येण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती. रक्त धुणारं यंत्र त्यांच्या हातात नव्हतं, स्टिअरिंग होतं.

त्या डिसेंबरात गाडीवर ओरखडे दिसू लागले. आधी डाव्या आरशाला, मग डाव्या दाराला. एके दिवशी फाटकाच्या खांबाचा रंगच दारावर आला.

"हे काय झालं बाबा?"

"लाइटच पडत नाही गा. समोर थोडाफार पडते, बाजूले तर अंधारच."

मी काचा पाहिल्या. मला पटलं. मी म्हटलं, लाइट नीट होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "मंग नीट कर."

गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही दिवे बदला. मोबाइलवरचे व्हिडिओ म्हणत होते, घरीच घासा, पण घासल्यावर पारदर्शक फिल्म लावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा पिवळे. मी सदरच्या दुकानातून फिल्म आणली आणि रविवारी सकाळी अंगणात बसलो. आधी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून काच घासायची. पांढरा पिवळसर चिखल निघतो आणि काच पूर्ण आंधळी होते, तेव्हा वाटतं की आपण तिची वाट लावली. मग बारीक पेपर, मग पॉलिश, आणि हळूहळू आतला बल्ब दिसू लागतो. मग साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म ठेवायची, रबरी पट्टीने मधून कडेला पाणी ढकलत जायचं. हेअर ड्रायरची गरम हवा देत कोपऱ्यावर ताणायची. दोनदा चुणी पडली, दोनदा मी शिवी दिली.

आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिला दिवसाकाठी मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती आणि मी तिच्यासमोर बाटलीच्या बाटली फवारून वाया घालवत होतो. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे ती बघत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी म्हटलं, आई, आत जा.

"काहून? मी काय पिऊन राहिली का? पाहून राहिली फक्त."

बाबा आत गेले आणि फ्रिजमधून बर्फाचा छोटा खडा आणून तिच्या हातात ठेवला. तिने तो तोंडात टाकला आणि दोघं माझं काम बघत राहिले.

फिल्म बसल्यावर शेवटचं काम उरतं. तिच्यावर एक पातळ पापुद्रा असतो, लावताना चरे पडू नयेत म्हणून. तो काढून टाकायचा. मी कोपऱ्याला नख लावलं तर बाबांनी हात धरला.

"काहून काढतं? राहू दे. फिल्म नवी राहीन."

"बाबा, फिल्मच काच वाचवायला आहे. आता फिल्म वाचवायला प्लास्टिक?"

"राहू दे गा, काय बिघडते?"

मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, सोड. सुट्टीच्या दिवशी भांडण नको म्हणून मी सोडलं.

व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात त्या पापुद्र्याखाली हवा शिरली, धूळ शिरली, काचांवर मोतीबिंदू आल्यासारखे डाग दिसू लागले. आणि बाबा म्हणाले, अजून बाजूला उजेड पडत नाही. मला संधीच हवी होती. "पडेल कसा? हे बघा तुमचं प्लास्टिक," असं म्हणून मी त्यांच्यासमोर दोन्ही पापुद्रे टर्रकन ओढून काढले. दिवस मावळल्यावर गाडी शेजाऱ्यांच्या भिंतीसमोर लावली, त्यांना आत बसवलं, दिवे लावले. भिंतीवरचा प्लास्टरचा कण न् कण दिसत होता.

"आता?"

"हो, आता बरोबर आहे."

फार पटकन म्हणाले. बाबा कोणतीही गोष्ट इतक्या पटकन मान्य करत नाहीत. मी गाडीच्या डाव्या दाराशी, खिडकीला लागूनच उभा होतो, आणि ते भिंतीकडे बघत विचारत होते, "कुठी गेला गा तू?"

पुढच्या डायलिसिसला मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. म्हटलं, आईला अशक्तपणा आहे, उतरवायला कोणी हवं.

गाडी गल्लीतून निघाली तशी आई बोलू लागली. एरवी ती कमी बोलायची आणि डायलिसिसच्या दिवशी तर मुळीच नाही. आज तोंडाचा पट्टा थांबेना. "तो पाय, दूधवाला कसा मधातून चालला. डाव्या अंगानं ऑटो आहे, झोपला असन बिचारा. डाव्या अंगानं ऑटो आहे, झोपला असन बिचारा. सिग्नल लाल झाला." मला वाटलं, सुईच्या भीतीने बडबडते आहे. कॉटन मार्केटजवळ भाज्यांचे टेम्पो उभे-आडवे होते आणि तिचा आवाज चढत होता. माझं डोकं भणभणलं.

"आई, जरा शांत बस ना. बाबांना चालवू दे."

ती गप्प बसली. बाबांची मान मात्र ताठ झाली. गाडी तशीच चालत राहिली, मोकळ्या रस्त्याला लागली. डाव्या बाजूला महापालिकेची एक बाई पाठमोरी वाकून झाडत होती. अंगात पिवळं चमकतं जाकीट. आमच्या नव्या लखलखीत उजेडात ते जाकीट मला मागच्या सीटवरून दिसत होतं, आणि गाडी सरळ त्याच्याकडे चालली होती. मला वाटलं, आता वळवतील, आता वळवतील.

"उजवीकडे घ्या जी!"

आईने ओरडतानाच स्टिअरिंगला हात घातला होता. तोच हात, जो डायलिसिससाठी जपायचा असतो, ज्याने पिशवीसुद्धा उचलायची नसते. आरसा त्या बाईच्या झाडूला लागला. झाडू उडाला. बाई वळून बघत राहिली, तिला काही झालं नव्हतं. मी उतरून तिची माफी मागितली, झाडू उचलून दिला. ती एवढंच म्हणाली, "लाइट तर एवढा मोठा आहे बापा तुमचा."

परत येऊन बसलो. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग आई हळू आवाजात म्हणाली, "आता रस्ता मोकळा आहे, चला," आणि आम्ही निघालो. हॉस्पिटल येईपर्यंत ती रस्ता सांगत राहिली. ते मी आता नीट ऐकत होतो.

तिला यंत्राला जोडल्यावर मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. बाबांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरने सांगून वर्ष होऊन गेलं होतं. डोळ्यांत थेंब आईच घालायची. बाटली फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली, मागे असायची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, मी काचा घासत बसलो होतो.

"आणि तू त्यांना चालवू देत होतीस?"

"मी आहो नं बाजूले."

"आणि कोणी मेलं असतं म्हणजे?"

"त्यांच्यापाशी दुसरं काय आहे रे," ती म्हणाली. "मी आहो तोवर चालू दे म्हटलं."

माझा राग अजून गेलेला नाही. प्रेम वगैरे ठीक आहे, पण ती झाडणारी बाई कोणाची तरी आई असेल. दोघांनी मिळून एक माणूस गाडी चालवत होता, आणि त्यातला अर्धा माणूस डायलिसिसवर होता. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या बाबांपुढे मी हात पसरला. त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. किल्लीला अजून कंपनीचं प्लास्टिक होतं.

"परवापासून मी मागं बसीन," ते म्हणाले. "तिच्या बाजूले नको. ती बोलत राहीन तर मले उगाच ब्रेकवर पाय दाबावासा वाटीन."

त्यानंतर मी न्यायचो. आई पुढे, बाबा मागे. मला सगळं दिसत होतं तरी आई सांगायचीच, ब्रेकर आला, लाल झाला. मी एकदाही तिला गप्प केलं नाही. होळीच्या सुमारास, यंत्रावरच, तिचा रक्तदाब उतरला तो वर आला नाही. विहारातल्या भंतेजींनी घरी येऊन वंदना घेतली. बाबा पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसले होते आणि लोक डाव्या बाजूने येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचे तेव्हा ते दचकायचे.

पावसाळा संपल्यावर मी त्यांना डोळ्यांच्या तपासणीला नेलं. तोच रस्ता, सदरलाच. पुढे बसा म्हटलं तर बसले, तिच्या सीटवर, पट्टा लावून. आता त्यांना समोरचंही धूसर दिसत होतं. दुपारचं ऊन होतं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तसे ते म्हणाले, "दूधवाला पाय." दूधवाला कुठला दुपारी. थोड्या वेळाने, "डाव्या अंगानं ऑटो आहे." तिथे ऑटो होता, रिकामा. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. चौकामागून चौक, वळणामागून वळण, तिने ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने ते सगळा रस्ता म्हणत होते.

"आता ब्रेकर येते," ते म्हणाले. "हळू घे. तिले दणका बसते."

तिथे ब्रेकर उरला नव्हता. उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता केला तेव्हाच काढून टाकला होता. मी ब्रेक दाबला, आणि मागून हॉर्न वाजत असताना ती सपाट जागा हळूहळू ओलांडली.