तासाचा गजर

दादाच्या फोनवर गजर वाजला. माझ्या या थोरल्या भावाने चष्मा लावला, ‘मी यंत्रमानव नाही’ या ओळीपुढच्या चौकोनात टिचकी मारली आणि लहान चित्रांतून सिग्नलचे दिवे निवडून दाखवले. त्याच्या खात्यात आभासी नाण्याचा एक कण जमा झाला. हे नाणं हातात येत नाही. अनेक संगणकांवर त्याची फक्त नोंद असते. लोकांनी जाहिराती बघाव्यात म्हणून अशी संकेतस्थळं तासातासाला कण वाटतात. ठरावीक साठा झाल्याशिवाय तो काढता येत नाही.

हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, “दादा, या गतीने तुझं नि माझं आयुष्य जोडलं तरी तो साठा व्हायचा नाही.”

“ठाऊक आहे. तू शाळेतही असाच होतास.”

“मग गजर कशाला लावतोस?”

“यासाठी कुठे लावला? तुझ्या वहिनीला दर तासाला चमच्याने पाणी पाजायचं, तेव्हाचा आहे तो. ती गेली, हा वाजतोच. वाजला की हाताला काहीतरी लागतं.”

त्याचा आवाज सपाट होता. मलाही काही वाटेना. माणूस एका दिवसात जातं; त्याच्यासाठी नेमलेले तास मात्र घरातच राहतात, कुणी काम सांगेल म्हणून.

तासाभराने पुन्हा गजर झाला. दादाने आधी रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, मग फोन उचलला.

“यात सिग्नल कुठे आहे रे? धूसर दिसतंय.”

मी शेजारी सरकलो आणि चित्रावर बोट ठेवलं.