तेलाला मालिश

"जखम छान भरली आहे, पण आतून चिकटली आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझा उजवा हात टेबलावर उपडा ठेवायला सांगितला आणि तळहाताखालून एक पेन्सिल सारली. ती सहज आरपार गेली. "तळहात सपाट टेकला तर ही अडायला हवी."

दोन महिन्यांपूर्वी भोपळा कापताना विळी कलंडली होती आणि तळहात आडवा चिरला होता. आतलं टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, शिवावं लागलं. टाके निघाले, पट्टी निघाली. मला वाटलं, सुटले. पण जखम भरताना शरीर जे घट्ट, जाड मांस तयार करतं, ज्याला स्कार टिश्यू म्हणतात, ते कातडीला आणि टेंडनला एकत्र धरून बसलं होतं. या चिकटण्याला अॅडहिजन म्हणतात. माझी तीन बोटं सरळ होत नव्हती.

डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम आणि व्रणाला मालिश सांगितली. फरक पडला नाही तर पुन्हा ऑपरेशन.

मी भोकरदनजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते. दर महिन्याला बाळांची वजनं घ्यायची असतात. बाळ काट्यावर ठेवायला दोन्ही तळहात पसरावे लागतात. माझा आकड्यासारखा वाकलेला हात बघून आया न बोलता बाळ मदतनीसबाईंकडे द्यायला लागल्या होत्या. मी नुसते आकडे लिहायची, तेही डाव्या हाताने. पुन्हा ऑपरेशन म्हणजे पुन्हा पट्टी, पुन्हा ते महिने. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

म्हणून घरी येताच मी तक्ता आखला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक वेळी दहा मिनिटं, खोबरेल तेल, घड्याळ समोर. महिनाभरात एकही चौकोन रिकामा राहिला नाही.

जालन्याची बस, दवाखान्याचा बाक, दोन तास. तक्ता पिशवीत होता. डॉक्टरांनी पेन्सिल सारली. ती पहिल्यासारखीच आरपार गेली. "आणखी दीड महिना बघू, मग ठरवू," एवढंच म्हणाले.

मला बाकावरून उठावंसंच वाटेना. सोबत माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. उभं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. त्यांनीच मला उठवून फिजिओथेरपीच्या खोलीत नेलं.

तिथल्या मॅडमनी मालिश करून दाखवायला सांगितली. मी तेल ओतून जोरजोरात चोळलं. त्या हसल्या. "मावशी, तुम्ही तेलाला मालिश करताय. व्रणाला काहीच होत नाहीये."

मग त्यांनी तेल पुसून काढलं. अंगठा व्रणावर ठेवून व्रण पांढरा पडेपर्यंत दाबला आणि अंगठा न घसरू देता खालची कातडी सरकवली. आडवी, उभी, गोल. "बोट कातडीवरून घसरता कामा नये. कातडी आतल्या मांसावरून सरकली पाहिजे. तेल अगदी थेंबभर." दुखलं. महिनाभरात पहिल्यांदा नेमकं तिथे दुखलं. नवी असताना ही कातडी नाजूक असते; फोड आला, पाणी आलं किंवा लाली वाढली तर थांबायचं, हेही त्यांनी सांगितलं.

"अगं बाई, हे तर लोकर कातरणीचं काम हाय," आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "मेंढीचं कातडं अंगठ्यानं असंच दाबून सरकवायचं, मंग कात्री घालायची. न्हाईतर कापतं. आण तो हात इकडं."

त्यांनी माझा हात मांडीवर ओढला. मॅडम बघत राहिल्या. "आजी, बरोबर! आता रोज तुम्हीच करा."

त्या दिवसापासून हात आत्याबाईंच्या ताब्यात गेला. दहा मिनिटं झाली म्हटलं की त्या घड्याळाकडे पाठ करायच्या. "हितं अजून गाठ हाय. तुझा तक्ता झाला असंल, गाठीचं काय?" मी कळवळले की म्हणायच्या, "मेंढी बरी, गप पडून तरी राहती!"

मीही तक्ता बदलला. खूण करायची सोडली आणि आज काय सरकलं ते वहीत लिहायला लागले. बरेच दिवस तिथे 'काही नाही' एवढंच आहे. तेव्हा वही उघडायचाही कंटाळा यायचा. मग एका संध्याकाळी करंगळीकडचं टोक वेगळं हललं. आत्याबाई म्हणाल्या, "सुटून राह्यलंय बघ." मी रडले. त्यांनी दाबणं थांबवलं नाही.

दीड महिन्यानंतर डॉक्टरांची पेन्सिल निम्म्यात अडली. "ऑपरेशन नको. हेच चालू ठेवा."

मधलं बोट अजून पूर्ण सरळ होत नाही. थंडीत व्रण ओढतो. पूर्वीचा हात परत येणार नाही, हे आता मी मान्य केलं आहे. तुम्हालाही कुणी व्रणाची मालिश सांगितली असेल, तर किती वेळा करायची एवढंच विचारून परत येऊ नका. स्वतः करून दाखवा आणि बरोबर आहे का, ते विचारा. माझा एक महिना त्यात गेला.

परवा वजनाच्या दिवशी एका आईने बोलता बोलता आपली मुलगी सरळ माझ्या हातात दिली. मी दोन्ही तळहातांवर घेऊन तिला काट्यावर ठेवलं, उचललं, परत दिलं. नंतर वजनाची वही बघते तर रकाना कोरा. आकडा बघायचाच राहिला होता.

"आणा हो तिला परत," मी म्हणाले.