जमैकाचं स्वस्त बुकिंग

मंडळी, सप्टेंबरात जमैकाला पहिल्यांदा निघाला असाल तर हे वाचा.

आज दुपारी इथे आखातात, अल मजाजला आमच्या घरी शेजारची मार्सिया आली होती. ती मूळची जमैकाची. मी कौतुकाने सांगितलं, "भाऊ-वहिनी सकाळीच तिकडे निघाले. समुद्राला लागून रूम मीच बुक केली, स्वस्तात!"

तिचा चेहरा उतरला. "हे वादळाचे दिवस आहेत. मागे एकदा घर सोडा अशी सूचना आली तेव्हा माझी आई म्हणाली, आभाळ तर निरभ्र आहे."

"मग?"

"आई घरातच थांबली. रात्री समुद्राचं पाणी आत शिरलं, त्यात ती वारली. त्यांना सांग, सूचना आली की लगेच उंचावर जा. पाणी, टॉर्च, पासपोर्ट जवळ ठेवा."

मी मेसेज टाकला. ते विमानात आहेत, अजून एकच टिक दिसतेय. आणि बातम्यांत तिकडे नवं वादळ तयार होतंय.

उतरल्या उतरल्या त्यांना परत बोलवू का? तुम्ही काय केलं असतं?