डाव्या बाजूचा माणूस

कुणकेश्वरच्या आसपास आजवर जेवढी माणसं मेली, त्यातल्या निम्म्यांना माझी आते नावानं ओळखते आणि उरलेल्या निम्म्यांना आवाजानं. गोंधळ होतो तो जिवंत माणसांच्या बाबतीत. माझ्या नवऱ्याला ती लग्नापासून माझ्या थोरल्या दिराच्या नावानं हाक मारते आणि कितीदा सांगितलं तरी सुधारत नाही. पण दुपारी मागीलदारी पाचोळा वाजला, की तांदूळ निवडता निवडता मान वर न करता सांगते, "खालच्या घरातली काकी ती. जित्ती होती तेवाय अशीच पाय घासत चलायची." त्या काकीला जाऊन कितीतरी पावसाळे झालेले असतात. मी कुडाळला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे अशा वेळी आते माझ्याकडे बघून समजुतीनं हसते. बहिऱ्या माणसासमोर भजन चालू असलं, की आपण त्याच्याकडे बघून हसतो तसं.

मेलेल्यांना ती भीत नाही, त्यांना वळण लावते. एकदा मी तिच्याबरोबर विहिरीवर गेले होते. वारा नव्हता, पाखरू नव्हतं, आणि खाली पाणी मात्र कुणी हात घालून ढवळावं तसं हलत होतं. आतेनं कठड्यावरून वाकून दम भरला, "भर दुपारचो खेळ कसलो रे मेल्या? कळशी भरूक दी!" पाणी थांबलं. मी खाली एखादा मोठा मासा असेल असं ठरवून टाकलं आणि घरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पडवीत कापडाची एक घडीची खुर्ची आहे. आतोबा मालबोटीवर खलाशी होते, तेव्हा त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली. आतोबा गेले, पण खुर्ची त्यांचीच राहिली. लाइटीचं मीटर बघायला आलेला नवा माणूस एकदा दमून तिच्यावर टेकायला गेला, तर आते आतून ओरडली, "थयसर नको, हे बसले आसत!" तो माणूस मीटर न बघताच गेला. आतेला त्याच्या उद्धटपणाचं वाईट वाटलं. तिनं त्याच्यासाठी कोकमाचं सरबत केलं होतं.

अशा बाईला घाबरलेली मी एकदाच पाहिली. आंब्याचे दिवस होते. मी गेले तर ती पडवीच्या खांबाला पाठ लावून बसली होती आणि पुन्हा पुन्हा डावीकडे बघत होती.

"बाय, कोणतरी येवक लागलोहा," ती म्हणाली. "ओळखीचो नाय."

सुरुवात उजेडानं झाली होती. आकाश कोरडं असताना तिच्या डाव्या कडेला वीज चमके, डोळे मिटले तरी चमके. मग वीज गेली आणि तिच्या जागी धुरासारखं काळं कुणीतरी येऊन उभं राहिलं. आतेनं रीतीप्रमाणे नाव विचारलं, कुणाच्या घरचा ते विचारलं. गावाची राखण करणाऱ्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. काही उपयोग झाला नाही. "खोकना नाय, बोलना नाय, तेका वास सुद्धा नाय," ती म्हणाली. "मेलेलो माणूस असो गप ऱ्हवना नाय गो." पहिल्यांदा तो विहिरीपाशी होता. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तुळशीपाशी आला होता. मग पायरीवर. पावसाळा तोंडावर आला तेव्हा आते खालच्या आवाजात म्हणाली, "आता खांद्याक लागान उभो आसा." त्या दिवशी मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. बोलता बोलता तिच्या हातावर हात ठेवला, तर ती किंचाळली. मी तिथं आहे हे तिला दिसलंच नव्हतं.

नारळ खवणताना तिला ते कळलं. खोबऱ्याचा कीस उडून डाव्या डोळ्यात गेला, म्हणून तिनं तळहातानं तो डोळा झाकला आणि तशीच बसून राहिली.

"बाय, गेलो तो," ती म्हणाली.

मग हात बदलला, उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे तोंड केलं. "आता तू नाय, दार नाय. नुसतो तोच आसा." जरा वेळानं हात खाली घेऊन, अगदी हळू, जणू त्यानं ऐकू नये, तशी म्हणाली, "तो भायर नाय गो. भितर आसा."

वर्गात डोळ्याची आकृती मी दर वर्षी काढते. तरी मी नकळत तिच्यापासून जरा मागे सरकले.

कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं, आणि दिवा लावून मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आतेच्या मिटलेल्या पापणीवर जेली लावून सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. डोळ्याच्या काळ्या गोलात, नाकाकडच्या भिंतीतून, अळंबं उगवावं तशी एक गाठ वर आली होती. देठ बारीक, डोकं मोठं. आते पडद्याकडे टक लावून बघत राहिली. इतके महिने खांद्याशी उभा असलेला आज तिला समोरून दिसत होता.

"खंयसून इलो ह्यो?" तिनं विचारलं.

डॉक्टरीण म्हणाली, "कुठून आलेला नाही, आजी. डोळ्याच्या आतल्या थरात रंगाच्या पेशी असतात, त्यातल्याच काही बिघडून वाढत गेल्या. हा डोळ्याचा कॅन्सर आहे. गाठीनं पडदा उचलला, म्हणून तुम्हाला आधी उजेड दिसला, मग सावली. दुखत नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो."

"म्हणजे घरचोच," आते म्हणाली.

"घरचाच."

गाठ लहान असती, तर किरण सोडणारी एक छोटी चकती काही दिवस डोळ्याच्या मागे शिवून ठेवली असती आणि डोळा वाचला असता, असं डॉक्टरणीनं सांगितलं. आता गाठ फार मोठी होती. डोळा काढायलाच हवा होता. आतेनं विचारलं, नाही काढला तर तो कुठं जाईल? डॉक्टरणीनं लपवलं नाही. तो रक्तातून जातो, बहुतेक वेळा यकृतात जाऊन बसतो, कधी लगेच तर कधी वर्षांनी. डोळा काढला तरी आधीच एखादी पेशी निसटली असेल तर ती आज दिसत नाही, म्हणून तपासण्या जन्मभर.

आतेनं नकार दिला. कारण मला एकटीला जिन्यात सांगितलं, "त्या डोळ्यावांगडा हे सुद्धा गेले तर?"

मी चिडले, समजावलं, रडले. शेवटी ती म्हणाली, एकदा घरी जाऊन बघते. मुंबईत बघून चालणार नव्हतं, कारण बोटीवरची नोकरी सोडल्यापासून आतोबा मुंबईत पाय ठेवत नसत. आम्ही गावी परतलो. आते न्हाली, चांगलं लुगडं नेसली आणि पडवीत खुर्चीसमोर जाऊन बसली. मी आत चुलीपाशी उभी होते. तिचं बोलणं ऐकू येत होतं, मग गप्प होणं, मग पुन्हा बोलणं. आणि एकदा, शपथ घेऊन सांगत नाही, पण खुर्चीचं कापड करकरलं. ती आत आली तेव्हा चेहरा शांत होता.

"आधी डावो झाकलंय, मगे दोनूय डोळे झाकलंय," ती म्हणाली. "तरी होते. मगे काढूक हरकत नाय."

डोळा काढला. यकृत तेव्हा स्वच्छ होतं. खोबण भरून आल्यावर नकली डोळा बनवणाऱ्यानं तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळाला रंग दिला, तर आतेनं तो परत केला. फार तरतरीत झाला म्हणे, असं आपण कधी कुणाकडे बघितलं नाही, लोक वेगळा अर्थ काढतील. बिचाऱ्यानं हसत हसत रंग मळवला. पण पुढे जे झालं त्यानं माझी झोप उडवली. काढलेल्या डोळ्यातून तिला दिसू लागलं. निळे दिवे, जाळ्या, एकदा तर चेहऱ्यांची रांगच्या रांग. मी घाबरून फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, होतं असं, डोळा गेला तरी मेंदूला सवय असते, ओसरेल. आते खूश झाली. "जो डोळोच नाय, तेतून दिसता, ह्यां डॉक्टर मान्य करतत. आणि माका तुमी इतकी वर्सां येडी म्हणालात!"

तो अनोळखी मात्र पुन्हा दिसला नाही. दर सहा महिन्यांनी मुंबई, पोटाची सोनोग्राफी, रिपोर्ट स्वच्छ, आणि परतताना तिनं माझ्या नवऱ्यासाठी, त्याच्या भावाच्या नावानं, घेतलेला खाऊ. वर्षं गेली. मी जवळजवळ विसरले होते. या हिवाळ्यात यकृतावर एक ठिपका दिसला. आता सलाईनमधून औषध चालू आहे. वाढ रोखता येते, कधी बरेच दिवस; किती, ते कुणी सांगत नाही. आतेनंही विचारलं नाही.

परवा संध्याकाळी तिला कुणकेश्वरला घेऊन गेले. देवळाखालच्या वाळूत बसलो. औषधानं ती फार हलकी झाली आहे, पदर सुद्धा तिला ओढून नेईल असं वाटतं. समुद्रात, पार क्षितिजाजवळ, एक होडी होती.

"बग, लागली काठाक," आते म्हणाली आणि उठायला लागली.

"नाय गो आते, खूप लांब आसा अजून."

तिनं मान कलती करून पुन्हा पाहिलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मला ठाऊक होतं. "आसात लांब," ती म्हणाली. "माका आता सगळाच जवळ दिसता."

ती परत खाली बसली, माझा हात चाचपून मांडीवर घेतला, आणि होडी येईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.