डावी मागची बाजू

म्हसरूळ सोडून दिंडोरी रोडनं थोडं पुढं गेलं की उजव्या हाताला केरू भोयेचं पत्र्याचं शेड लागतं. पाटी नाही. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की बाहेर ट्रॉल्या आणि फवारणीचे ब्लोअर रांगेनं उभे राहतात, कुणाचा एक्सल वाकलेला, कुणाचे वजन पेलणारे स्प्रिंगचे पाटे तुटलेले. केरू मूळचा सुरगाण्याकडच्या डोंगरातला. आईवडील भातं झोडून झाली की दिंडोरीच्या बागांवर कामाला उतरायचे, पावसाच्या आधी परत वर जायचे. एका साली ते परत गेले आणि केरू एका वेल्डरकडे मागं राहिला, तो कायमचाच. आता पन्नाशीकडे झुकलाय. बोलणं कमी, हात जड. गाडीच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून एकदा दाबली की कोणता पाटा मेलाय ते सांगतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. तो स्वतः असलं काही म्हणत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला त्याच्याकडे देवळाली कॅम्पहून एक गाडी आली, टोइंगच्या ट्रकवर चढून. दोन दारांची, लांब नाकाची, विलायती गाडी. हिरवा रंग उडून शेवाळासारखा झालेला. अशी गाडी त्यानं कॅलेंडरवरसुद्धा पाहिली नव्हती. सोबत मोहिनी पाटणकर नावाच्या बाई होत्या, साठीच्या, कॅम्पात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या. गाडी त्यांच्या वडिलांची. कर्नलसाहेब तरुणपणी ती घेऊन घाटांतल्या शर्यतींना जायचे. पुढं ती बंगल्यामागच्या गॅरेजात गेली आणि इतकी वर्षं तिथंच राहिली.

"इंजिनाचं काम पुण्यात झालंय," मोहिनीताई म्हणाल्या. "मागचं सस्पेन्शन तुम्ही करा. सगळं नवीन."

केरू गाडीखाली सरकला. मागं जुने पाटे होते, गंजून एकमेकांना चिकटलेले. डाव्या बाजूला तर मुख्य पाटाच नव्हता, नुसतं लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवलेलं.

"ताई, असेच पाटे बनवून देतो. सातपूरला चांगलं पोलाद मिळतं. गाडी जशी होती तशी होऊन जाईल."

"जशी होती तशी नकोय मला," त्या म्हणाल्या. "पाटे नकोत. एकही नको."

आवाज चढला नव्हता, पण केरूनं पुढं विचारलं नाही. डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला होता. वरून रंग सारखा असला तरी आतून हातोडीचे घाव बोटांना लागत होते. तेही त्यानं विचारलं नाही.

काम मात्र त्याला आवडलं. रोज ट्रॉल्यांचे पाटे बदलणाऱ्याच्या हाती असलं काम आयुष्यात एखादवेळी येतं. पाटे काढून टाकायचे आणि एक्सल चार दांड्यांवर धरायचा, दोन वर, दोन खाली. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पाचवी आडवी दांडी. आणि वजन पेलायला दोन बाजूंना स्प्रिंग चढवलेले शॉकअप, ज्यांची कडी फिरवून उंची कमीजास्त करता येते. त्यानं आधी जमिनीवर खडूनं आखणी केली. लोखंडी चौकटीत एक्सल बसवला, जाड पत्र्याचे ब्रॅकेट कापले, नुसते टाके मारून धरले, मोजले, तोडले, परत धरले. मन भरलं तेव्हा पक्कं वेल्डिंग केलं. शिवण अशी आली की आपल्याच कामावरून त्यानं दोनदा अंगठा फिरवला.

मग गाडी जॅकवरून खाली चाकांवर उतरवली. मागून पाहिलं तर डावी बाजू पेरभर खाली.

नवीन कामात असं होतं. केरूनं चाकांतली हवा तपासली. पाण्याची नळी लावून फरशीची पातळी पाहिली. गाडी फिरवून तोंड उलट दिशेला केलं. डावीच खाली. डावी स्प्रिंग उजवीकडे टाकली, उजवी डावीकडे. तरी डावीच. डिकी उघडून पाहिली, मागची गादी उचलून पाहिली. रिकामं. गादी परत बसवताना त्याच्या लक्षात आलं, की आतली हवा त्या एका जागी वेगळी आहे. गार नाही, उलट जरा ऊबदार. उन्हात सोडलेल्या गाडीत असावी तशी. पण गाडी दोन दिवस सावलीत होती.

दिंडोरीच्या एका पॅकहाऊसमधून त्यानं क्रेट तोलायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे मागून आणले आणि चार चाकांखाली एकेक ठेवला. त्याच्या जुन्या अंदाजानं मागची दोन्ही वजनं जवळपास सारखी यायला हवी होती. डावीकडे वीस-पंचवीस किलो जास्त भरले.

तेवढ्यावर तो घाबरला नसता. लोखंड कुठं जास्त बसलं असेल, मोजण्यात चूक असेल. पण त्या काट्यावरचा शेवटचा आकडा स्थिर राहीना. हळूच वर जायचा, हळूच खाली यायचा. परत वर, परत खाली. वाऱ्यानं होत असेल म्हणून त्यानं शटर ओढलं. रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन हादरते म्हणावं, तर बाकीचे तीन काटे खिळल्यासारखे एका आकड्यावर. दुपारची वेळ होती, पत्रा तापून कडकड वाजत होता. केरू उकिडवा बसून त्या लाल आकड्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की आकड्याच्या चालीवर आपण श्वास घेतोय. वर गेला की आत, खाली आला की बाहेर.

तो उठला आणि उन्हात जाऊन उभा राहिला.

शेडच्या मागंच त्याचं घर. आई, चिमणाबाई, म्हातारपणी त्याच्याकडे राहायला आलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली, भिंतीला धरून शेडमध्ये यायची आणि दारातल्या पिंपावर बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, गाडीजवळून जाताना थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ही पोर कोनाची रं?"

"कोणती पोर?"

"ही काय, मागं बसलीय ती. कालपन बसली व्हती. काय खाल्लं का तिनं?"

केरूच्या हातातला पाना खाली पडला. त्या आवाजानं म्हातारी दचकली, पण गाडीकडे बघून हसली, जशी शेजारच्या लेकराकडे बघून हसावी.

त्याच्या गावाला असतं तर माणसं भगताकडे गेली असती. केरूच्याही मनात ते आलं. भगत येईल, तांदूळ टाकील, लिंबू कापील, आणि जे बसलंय ते उठवून लावील. पण आईचं ते विचारणं त्याच्या कानातून जाईना. काय खाल्लं का तिनं? जिला असं विचारावं वाटतं तिला हाकलायचं कसं? दुपारपर्यंत त्यानं गाडीला हात लावला नाही. मग मोहिनीताईंना फोन केला.

"ताई, एक विचारतो, राग मानू नका. गाडीत मागं डावीकडं कोण बसायचं?"

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"मी येते," एवढंच त्या म्हणाल्या.

आल्या त्या दवाखान्याच्या कोटावरच. केरूनं काही न सांगता काटा दाखवला. त्या वाकल्या. आकडा वर गेला, खाली आला. त्या पिंपावर बसल्या, आणि आकड्याकडे बघतच बोलल्या.

"शुभांगी. माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची होती. तिला डावी खिडकीच लागायची, त्यावरून आमची रोज भांडणं. घरी परतताना कसाऱ्याच्या घाटात वळणावर मागचा पाटा तुटला. गाडी मागून फिरली आणि डावी बाजू कठड्यावर गेली. मी उजवीकडे होते, मला खरचटलंसुद्धा नाही. प्रवासात ती नेहमी झोपायची. तेव्हाही झोपली होती."

केरूला आता कळलं, की आकडा एवढा संथ का चालतो.

"बाबा आता थकलेत," मोहिनीताई म्हणाल्या. "सारखे म्हणतात, गाडी काढ, घरी जायचंय. अहो बाबा, आपण घरीच आहोत, म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणून केलं हे सगळं." मग एकदम त्यांनी विचारलं, "केरूभाऊ, हे काढता येईल का?"

"काय काढायचं, ताई?" केरू म्हणाला. "बसणाऱ्याचं वजन धरूनच गाडी बांधतात."

तो गाडीखाली सरकला आणि डाव्या शॉकअपची कडी फिरवायला लागला. वर लोखंडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर कुणीतरी झोपलंय हे त्याला ठाऊक होतं. पाना घसरून खडखडू नये म्हणून तो सावकाश फिरवत होता. बाहेर आला तेव्हा अंग घामानं भिजलं होतं. गाडी मात्र सरळ उभी होती.

साहेबांना गाडीतून फिरवायचा दिवस ठरला तेव्हा मोहिनीताई म्हणाल्या, तुम्हीही चला, काही बिघडलं तर. केरूला नको होतं. पण केलेल्या कामावर आपण बसायचं नाही हे त्याला पटेना. लॅम रोडच्या आतल्या बाजूला त्यांचा जुना बंगला, वर लाकडी तक्तपोशीचा मजला. कर्नलसाहेब कोट घालून व्हरांड्यात तयार बसले होते. मोहिनीताई चालवायला बसल्या, साहेब त्यांच्या डाव्या हाताला पुढं. केरू मागं, उजवीकडे. डावी जागा रिकामी होती. त्यानं तिकडे बघितलं नाही.

भगूरवरून पांढुर्लीच्या रस्त्याला लागल्यावर गाडीनं जीव धरला. मागचा एक्सल खड्डे असे गिळत होता की केरू क्षणभर सगळं विसरला. मग एक लांब डावं वळण आलं. मोहिनीताईंनी वेग कमी केला नाही. गाडी वळली, आणि केरूच्या डाव्या दंडावर काहीतरी येऊन टेकलं.

हलकं होतं. ऊबदार. झोपेत मान कलंडली की लेकराचं डोकं शेजारच्यावर जसं येतं, तसं. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, तरी ते तिथंच राहिलं. केरूला ओरडावं, दार उघडून उडी मारावी असं वाटलं. मागच्या सीटला दारच नव्हतं. पण तो हलला नाही. हललो तर ती जागी होईल, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती, आणि जागी झाल्यावर ती काय बघेल हे त्याला कळत नव्हतं. पांढुर्लीपर्यंत आणि तिथून परत तो हात तसाच धरून बसला. मोहिनीताईंनी आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

बंगल्यासमोर गाडी थांबली. कर्नलसाहेब काठी टेकत उतरले. उतरल्यावर पुढं गेले नाहीत. त्यांनी वळून आपली सीट पुढं दुमडली, मागून कुणी उतरायचं असलं की दुमडतात तशी, आणि दार धरून उभे राहिले.

"चल बेटा," ते म्हणाले. "घर आलं."

केरूच्या दंडावरची ऊब गेली. गादी हळूच वर आली. मग गाडीची डावी बाजू उचलली गेली, पेरभर, आणि स्प्रिंग बारीकशी कुरकुरली. साहेब काठी उजव्या हातात घेऊन व्हरांड्याकडे निघाले. डावा हात त्यांनी अंगापासून जरा लांब, जरा खाली धरला होता. चाल एवढी बारीक की म्हातारपणाची म्हणता येईना. कुणाच्या तरी पावलांशी पावलं जुळवत चाललेल्या माणसाची चाल होती ती.

मोहिनीताई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

आता गाडी उजवीकडे कलली होती, कारण डावी स्प्रिंग केरूनं चढवून ठेवलेली. असं सोडून जाणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. मोहिनीताई उतरून घरात गेल्यावर त्यानं जॅक लावला, खाली गेला आणि दिलेले आटे एकेक करून उतरवले. शेडात ते चढवताना वाटली नव्हती एवढी भीती आता उतरवताना वाटत होती. आता त्या लोखंडापलीकडे कुणी नव्हतं, म्हणजे दुसरीकडे कुठंतरी होतं.

हात पुसत तो व्हरांड्यात आला. साहेब खुर्चीत बसले होते, मोहिनीताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात. तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्या वाजल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी अनवाणी धावत गेलं, थांबलं आणि परत धावत आलं.

मोहिनीताईंनी तांब्या खाली ठेवला. "वर कुणी नसतं, केरूभाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "जिन्याला कुलूप आहे."

साहेब डोळे मिटून ऐकत होते. "हळू," ते वर न बघताच म्हणाले, "पडशील."

धावणं थांबलं. मग हळू चालत पावलं जिन्याच्या बाजूला गेली.

केरू पाणी न पिता निघाला. त्यानंतर तो त्या बंगल्यावर गेला नाही. साहेब माघात गेले, झोपेतच. गाडी अधूनमधून शेडवर येते, मोहिनीताई स्वतः चालवत आणतात. केरू ती काट्यांवर घेतो. मागची दोन्ही वजनं जवळपास सारखी येतात, आकडे जागचे हलत नाहीत. चिमणाबाई गाडीजवळून जाते, पण आता थांबत नाही.

गेल्या खेपेला त्यानं सहज विचारलं, एवढ्या मोठ्या घरात एकट्यानं करमतं का, कॅम्पात फ्लॅट का घेत नाही.

"बघितला होता एक," मोहिनीताई म्हणाल्या. "चांगला होता. पण तिला वर-खाली पळायला जिना लागतो."

बोलताना त्यांनी केरूकडे पाहिलं, अगदी साध्या चेहऱ्यानं. त्यानं मान हलवली आणि बॉनेट लावलं.