रेकॉर्डर बंद केल्यावरचं बोलणं

मला मेलीला हाती लागलेलं सोडवत नाही, हे आधी कबूल करते.

संशोधनाचा विषय होता, सॉफ्टवेअर बनवणारी माणसं खरंच काम कसं करतात. आकडे गोळा करायचे नव्हते. मुलाखती घ्यायच्या, शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचं, बोललेलं शब्दन्‌शब्द उतरवायचं आणि त्यातून अर्थ लावायचा. त्यासाठी उमरग्यातलं एक छोटं ऑफिस धरलं. दवाखान्यात औषधाची चिठ्ठी छापून देणारं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. मालक एक आणि प्रोग्रॅमर दोनच, एक पोरगी आणि एक चाळिशीतले गृहस्थ.

रेकॉर्डर चालू होता तोवर सगळं लई चांगलं, लई शिस्तीत, प्रत्येक बदल चाचणी घेऊनच दवाखान्यात जातो म्हणे. म्हटलं, कपाळ माझं, याचा काय प्रबंध होणार? तो बंद करून निघाले तर पोरगी स्टँडपर्यंत सोडायला आली. चहा पिताना म्हणाली, "ताई, चाचणी कसली घेऊन बसलात? सर तारीख देऊन मोकळे होतात, आम्ही तसंच दवाखान्यात टाकतो. परवा गोळीचा डोस दुप्पट छापून आला. डॉक्टरांच्या ध्यानात आलं म्हणून निभावलं. हे लिहू नका बरं का. इथं दुसरी नोकरी न्हाय, अन् पुण्याला घरचे पाठवायचे न्हाईत."

"नाही लिहीत," म्हणाले. आणि लिहिलं. इतकं खरं वर्षभरात कुणी बोललं नव्हतं. नाव अर्थातच घातलं नाही. वर शहाणपणा असा की, ओळख लपावी म्हणून पोरीचा पुरुष केला. ठरल्याप्रमाणं मसुदा मालकाला वाचायला पाठवला आणि निर्धास्त झाले.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, तुमचा मसुदा वाचून सरांनी त्या दुसऱ्या प्रोग्रॅमरना घरी बसवलं. ते शपथा घेतायत अन् मी गप्प बसलेय."

ऑफिसात प्रोग्रॅमर दोन, त्यातला पुरुष एकच. डॉक्टरेट करायला निघालेल्या बाईला एवढं कळू नये? खरं सांगावं तर हिची नोकरी जाणार, न सांगावं तर त्यांची गेलेलीच. "तू गप्पच राहा, मी येते," म्हटलं आणि आमच्या तुळजापूरच्या स्टँडवर पळाले. एसटीत बसवेना. तीनदा जागा बदलली, तेव्हा शेजारच्या मावशी वैतागून म्हणाल्या, "बाई, मुंग्या चावतेत का?"

मालकासमोर उभी राहिले. "असं कुणीच बोललं नाही. मी मनानं लिहिलं."

"मनानं?"

"व्हय. प्रबंधात काहीतरी झणझणीत हवं होतं."

"तसं लिहून द्या."

दिलं, सही ठोकली. लाज वाटत होती आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. पण मालकानं तिथल्या तिथं त्या गृहस्थांना फोन लावला, "उद्यापासून या कामावर," आणि माझा जीव भांड्यात पडला.

पोरगी समोरच कॉम्प्युटरवर मान खाली घालून बसली होती. माझा कागद घडी करून खिशात टाकत मालक तिला म्हणाला, "तो नवा बदल दवाखान्यात टाकून द्या. डॉक्टर खोळंबलेत. तपासायचं नंतर बघू."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझी सही त्याच्या खिशात होती.

"टाकला, सर," ती म्हणाली.